ताणप्रथिनं नेमकी कुणाच्या बाजूची? (हाडाचा कॅन्सर आणि 'शेकून बरा होतो'वाला फॉरवर्ड)

मधली_बहीण

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला गेल्या वर्षी ऑस्टिओसार्कोमा निघाला. वय १६. उजव्या मांडीच्या हाडाचं खालचं टोक, गुडघ्याच्या लगेच वर. खेळताना लचकलं असेल म्हणून दीड महिना आम्ही क्रेप बँडेज गुंडाळत बसलो, ते अजून मनातून जात नाही. आधी केमो, मग शस्त्रक्रिया (हाडाचा तेवढा भाग आणि गुडघा काढून धातूचा सांधा बसवला), मग उरलेली केमो. मागच्या महिन्यात शेवटची फेरी झाली. फुप्फुसं आत्तापर्यंत स्वच्छ आहेत.

आता प्रश्न. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय. उष्णता दिली की शरीरात 'हीट शॉक प्रोटीन' (एचएसपी) म्हणजे ताणप्रथिनं वाढतात, ती प्रतिकारशक्तीला कॅन्सरच्या पेशी दाखवून देतात, म्हणून रोज गुडघा शेका आणि वाफ घ्या, असं त्यात आहे. खाली शास्त्रज्ञांची नावं वगैरे. काका ते वाचून थेट वाफेची पेटीच घेऊन आले.

मी कॉमर्सची. दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. तरी दोन रात्री बसून शोधलं, तर नेमकं उलटं सापडलं: हीच प्रथिनं कॅन्सरच्या पेशीला केमोपासून वाचवतात! म्हणजे ही प्रथिनं आपली की त्याची? दोन्ही कसं खरं असेल? आणि काकांना काय सांगू? ते मनापासून करताहेत, त्यांचं मन मोडायचं नाहीये.

---

पेट्रीडिश

ताई, फॉरवर्डही धादांत खोटा नाही आणि तुम्ही वाचलंत तेही खोटं नाही. घोळ झालाय तो नेमका इथेच.

आधी माझी ओळख. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं एका प्रयोगशाळेत हाडाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवत होते आणि त्यांना ४२-४३ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून त्यांची ताणप्रथिनं मोजत होते. तेव्हा 'शेकणं' या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

या प्रथिनांच्या नावात उष्णता आली ती योगायोगाने. फेरुच्चो रितोसा नावाचे इटालियन शास्त्रज्ञ फळमाश्यांच्या अळ्यांच्या लाळग्रंथींवर काम करत होते. कुणीतरी उबवणपेटीचं तापमान चुकून वाढवून ठेवलं आणि त्यांना गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे दिसले. ते त्यांनी १९६२ साली छापलं. त्या फुगवट्यांतून तयार होणारी प्रथिनं सापडायला १९७४ उजाडलं. पुढे कळलं की उष्णता हे केवळ एक निमित्त. प्राणवायू कमी पडला, आम्लता वाढली, साखर मिळेनाशी झाली, किरणांचा किंवा औषधाचा मारा झाला, तरी पेशी हीच प्रथिनं काढते. एचएसपी-२७, ७०, ९० हे आकडे म्हणजे त्यांची वजनं, किलोडाल्टनमध्ये.

आता वर दिलेली यादी परत वाचा. प्राणवायू कमी, आम्लता जास्त, उपासमार: हाडात भराभर वाढणारी गाठ राहते ती अशाच वस्तीत. म्हणजे तिच्यात ही प्रथिनं मुळातच वाढलेली असतात, बाहेरून कुणी न शेकताही. काकांना सांगायचा पहिला मुद्दा हा.

पेशीच्या आत ही प्रथिनं काय करतात? प्रत्येक प्रथिनाला काम करायला ठरावीक घडी लागते. ताणाखाली घड्या विस्कटतात. ही मंडळी त्या पुन्हा घालून देतात. शिवाय फार बिघडलेल्या पेशीने स्वतःला संपवायचं अशी जी सोय शरीरात आहे, तिच्या यंत्रणेत एचएसपी-७० आणि एचएसपी-२७ खोडा घालतात. एचएसपी-९० तर कॅन्सरच्या बिघडलेल्या, एरवी कोसळल्या असत्या अशा प्रथिनांना टेकू देऊन उभं ठेवतं. तुम्ही वाचलंत ते हे. इथे ती सरळसरळ कॅन्सरच्या बाजूची आहेत.

बाहेर आल्यावर मात्र पारडं फिरतं, आणि खरी गंमत इथे आहे.

१९८६ साली प्रमोद श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या सार्कोमावर (हाड, स्नायू अशा ऊतींच्या कॅन्सरवर) काम केलं. रसायन टोचून तयार केलेल्या गाठी होत्या. एका गाठीतून त्यांनी जीपी-९६ नावाचं प्रथिन वेगळं काढलं (हेही एचएसपी-९० च्याच घराण्यातलं) आणि निरोगी उंदरांना टोचलं. त्या उंदरांनी नंतर ती गाठ रुजू दिली नाही. पण फक्त तीच! दुसऱ्या उंदराची गाठ त्यांच्यात खुशाल वाढली. आता जीपी-९६ तर सगळ्या गाठींमध्ये सारखंच. मग फरक कुठून आला?

उत्तर असं निघालं की संरक्षण त्या प्रथिनाने मिळत नव्हतं, त्याच्या अंगाला चिकटून आलेल्या मालाने मिळत होतं. घड्या घालताना ही प्रथिनं पेशीतल्या इतर प्रथिनांचे छोटे छोटे तुकडे धरून असतात. गाठीची पेशी फुटली की ते तुकड्यांसकट बाहेर पडतात. गस्तीवरच्या डेंड्रायटिक पेशींवर सीडी-९१ नावाचा पकडहात असतो, तो त्यांना आत ओढतो. मग ते तुकडे त्या पेशीच्या अंगावर मांडले जातात आणि मारक टी पेशींना दाखवले जातात: बघा, असा चेहरा असलेला दिसला की सोडू नका. ज्या गाठीचे तुकडे, त्याच गाठीविरुद्ध शिकवणी. म्हणून शेजारच्या उंदराची गाठ सुटली.

दुसरी वाट आणखी वेगळी. १९९५ साली गाब्रिएले मुल्टहॉफ यांच्या गटाने दाखवलं की कितीतरी गाठींच्या पेशींवर एचएसपी-७० बाहेरच्या पापुद्र्यावर बसलेलं असतं आणि निरोगी पेशींवर नसतं. त्यांच्या पहिल्या कामात सार्कोमाच्या पेशीही होत्या. एनके पेशी, ज्यांना आधी शिकवावं लागत नाही, त्या ही खूण ओळखतात. त्यासाठी प्रथिनातला फक्त १४ अमिनो आम्लांचा तुकडा पुरतो.

म्हणजे प्रथिन एकच. घरात असताना ते त्या पेशीचा अंगरक्षक, उंबऱ्यावर येऊन उभं राहिलं की चुगलखोर. 'वाढवा' म्हणताना कुठे वाढवायचं हेच फॉरवर्डमध्ये नाही. बाहेरून शेकून तुम्ही ते फक्त उंबऱ्यावर वाढवू शकत नाही, आतही वाढणार.

खुद्द ऑस्टिओसार्कोमात काय दिसलं? १९९० च्या दशकाच्या शेवटी रुग्णांच्या गाठींचे काप तपासले गेले. एका अभ्यासात एचएसपी-२७ जास्त असलेल्या रुग्णांचं पुढे वाईट झालेलं दिसलं. दुसऱ्या गटाला मात्र एचएसपी-७२ (एचएसपी-७० च्याच घराण्यातलं) असलेल्या गाठी शस्त्रक्रियेआधीच्या केमोला जास्त चांगला प्रतिसाद देताना आढळल्या. भाऊबंद दोघे, साक्ष उलटी. हा आजारच विरळा असल्याने अशा अभ्यासांत रुग्ण थोडे असतात, म्हणून मी यावर फार भार टाकणार नाही.

भाऊ ज्यातून गेला त्या केमोबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन हे नेहमीचं त्रिकूट. त्यातलं डॉक्सोरुबिसिन, ते लाल औषध. त्याने पेशी मरायला लागली की मरण्याआधी ती कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रथिन आतून काढून अंगावर मांडते. हेही ताणप्रथिनांच्याच गोतावळ्यातलं. गस्तीवरच्या पेशींना त्याचा अर्थ 'मला खा' असा कळतो. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा मरणाऱ्या पेशींनीच लसीसारखं काम केलं. सिस्प्लॅटिनने पेशी मरतात, पण ही खूण अंगावर येत नाही. म्हणजे मरण कसं आलं यावर मागे काय निरोप राहतो ते ठरतं.

आणि हे सगळं गोड वाटत असेल तर दुसरी बाजू: गाठीच्या पेशी बारीक पुड्या सोडत असतात, ज्यांना एक्सोझोम म्हणतात. २०१० मध्ये एका गटाने दाखवलं की त्या पुड्यांवरचं एचएसपी-७२ प्रतिकारशक्तीला दाबणाऱ्या पेशींना चेव आणतं. म्हणजे बाहेर आल्यावरही ते आपलंच असेल याची खात्री नाही.

---

शंकासुर

पेट्रीडिश, छान लिहिलंय, पण मी माझ्या नावाला जागतो. उंदरांत १९८६ ला जमलं म्हणता. मग चाळीस वर्षं झाली, लस कुठे आहे?

आणि 'ताणप्रथिन टोचलं की प्रतिकारशक्ती खवळते' यातला बराच भाग पुढे नमुन्यात मिसळलेल्या घाणीचा निघाला होता ना?

---

पेट्रीडिश

घाणीचा निघाला, आणि त्या घाणीत माझे स्वतःचे सात महिने गेलेत. सांगते.

आम्ही माणसाचं एचएसपी-७० ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेत होतो. सगळे तसंच करत. ते शुद्ध करून डेंड्रायटिक पेशींवर टाकलं की टीएनएफ (पेशी खवळली की सोडते ते प्रथिन) धो धो सुटायचं. आलेख असे सुंदर की मी ते टेबलासमोर चिकटवले होते. मग एका आढावा बैठकीत मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, हे उकळून बघितलंस का?

उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते, काम थांबायला हवं. मी दहा मिनिटं उकळलं, थंड केलं, पेशींवर टाकलं. टीएनएफ तेवढंच! जिवाणूच्या कवचातला एलपीएस नावाचा पदार्थ उकळून मरत नाही. पेशी खवळत होत्या त्या बरोबर आलेल्या जिवाणूच्या कवचाला. एलपीएसला बांधून ठेवणारं पॉलिमिक्झिन घातलं, आलेख सपाट. आलेख भिंतीवरून मीच काढले.

आम्ही एकटे नव्हतो. २००० नंतरच्या काही वर्षांत बऱ्याच प्रयोगशाळांना हेच दिसलं. त्यामुळे 'ताणप्रथिन स्वतःच धोक्याची घंटा वाजवतं' हा दावा आज मी खूप जपून करेन. पण 'ते गाठीचे तुकडे वाहून नेतं' हा भाग त्याने पडत नाही, कारण श्रीवास्तवांचं जीपी-९६ जिवाणूंकडून बनवलेलं नव्हतं, उंदराच्या गाठीतूनच काढलेलं होतं. आणि नुसतं कवच खवळवत असतं तर एकाच गाठीपुरतं संरक्षण कसं मिळालं असतं?

लसीचं म्हणाल तर ती झाली. व्हिटेस्पेन. प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतून जीपी-९६ काढायचं आणि त्यालाच टोचायचं. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये मोठी चाचणी झाली, निकाल २००८ ला छापून आला: एकंदर रुग्णांत आजार उलटण्याच्या बाबतीत फरक पडला नाही. त्याच वर्षी रशियाने काही रुग्णांसाठी मान्यता दिली, इतरत्र ती पुढे सरकली नाही. हाडाच्या कॅन्सरसाठी तर अशी लस वापरात आलीच नाही.

माझ्या मते अडचण दुहेरी आहे. एक, गाठ काढून, प्रथिन शुद्ध करून, परत टोचेपर्यंत काळ जातो, आणि गाठ लहान असेल तर पुरेसं प्रथिनच निघत नाही. दोन, टी पेशींना शिकवलं तरी गाठीच्या दाराशी त्यांना कोण आत घेतंय? ऑस्टिओसार्कोमाच्या गाठीत मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) भरपूर, टी पेशी फार कमी. टी पेशींचा ब्रेक सोडणारं पेम्ब्रोलिझुमॅब २०१७ ला छापलेल्या चाचणीत २२ ऑस्टिओसार्कोमा रुग्णांना दिलं होतं. गाठ आकसली ती एकाची.

---

शंकासुर

उकळण्याचा किस्सा मान्य, हत्यारं खाली ठेवतो.

थोडं अवांतर: जिवाणूंच्या घाणीवरून आठवलं. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली. त्यांची एक कोवळ्या वयाची रुग्ण सार्कोमाने गेली, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. मग जुनी कागदपत्रं धुंडाळताना त्यांना एक माणूस सापडला, ज्याची मानेवरची गाठ धावरं उठून, म्हणजे त्वचेला लालभडक जंतुसंसर्ग होऊन, विरली होती. १८९१ पासून ते सार्कोमाच्या रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचायला लागले, ताप चढवायला. काहींच्या गाठी खरंच गेल्या, काही रुग्ण संसर्गाने दगावले. फॉरवर्डवाल्यांना कोली फार प्रिय असतात, कारण त्यात ताप आहे.

पण त्याची आजची नात म्हणजे मिफामुर्टाइड. जिवाणूच्या कवचातल्या एका तुकड्याची प्रयोगशाळेत केलेली नक्कल, मॅक्रोफेजना जागं करायला. २००९ ला युरोपात ऑस्टिओसार्कोमासाठीच मान्यता मिळाली, अमेरिकेत नाही मिळाली. म्हणजे कोलींच्या गोष्टीतून हाताला लागलं ते ताप नव्हे, कवच! पेट्रीडिशबाईंच्या सात महिन्यांची कमाई म्हणा हवं तर.

---

पेट्रीडिश

:) ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी त्या कवचाला सात महिने शिव्या घातल्यात.

ताई, उष्णतेबद्दल एक राहिलं, कारण काका विचारतील. वैद्यकीय उष्णोपचार खरोखर असतो. २०१० साली मऊ ऊतींच्या सार्कोमावर ३४१ रुग्णांची चाचणी छापून आली. केमोच्या जोडीला गाठीची जागा आतपर्यंत तापवली, आणि त्या जागी आजार रोखून धरण्यात फायदा दिसला. पण तो आजार वेगळा, हाडाचा नव्हे. तिथे रेडिओलहरींचं यंत्र होतं, तापमान अंशाअंशाने मोजत होते, आणि तापवायला गाठ जागेवर होती. तुमच्या भावाची गाठ काढून झाली आहे. त्या जागी आता धातू आहे. वाफेची पेटी नेमकं काय तापवणार?

---

नाईटड्युटी

मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात परिचारिका आहे. वरचं सगळं वाचलं, निम्मं कळलं. मला जे कळतं ते सांगते.

शेकू नका. सांधा बदलल्यावर चामडीला त्या भागात बऱ्याचदा स्पर्श नीट कळत नाही. गरम पिशवीने भाजलेली आणि मुलाला पत्ताच नाही, अशी जखम मी बांधली आहे. धातूच्या सांध्याजवळ जखम म्हणजे जंतू आत जायची भीती, आणि सांध्याला जंतू लागले की पुन्हा शस्त्रक्रिया.

वाफेची पेटी आत्ता नको. सिस्प्लॅटिनने किडनीला त्रास झालेला असू शकतो, घाम येऊन पाणी कमी झालेलं चालत नाही. रक्ताचे आकडे सावरले का, तेही बघावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं: 'ताप चांगला, त्याने प्रथिनं वाढतात' असं घरात कुणी बोलू लागलं तर त्यांना तिथेच थांबवा. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप म्हणजे तडक हॉस्पिटल, रात्री दोन वाजता असला तरी. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. गळ्याजवळचं पोर्ट (केमो द्यायला चामडीखाली बसवलेली डबी) अजून काढलं नसेल तर केमो संपली तरी हाच नियम.

काकांना दुसरं काम द्या. गुडघा वाकवायचे व्यायाम रोज करून घेणं हे दमवणारं काम आहे आणि मुलं आईला दाद देत नाहीत. पेटी आणायचा उत्साह असलेला माणूस त्याला उत्तम.

---

मधली_बहीण

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. पोर्ट अजून आहे, हे मी विसरलेच होते. नाईटड्युटी ताई, काकांना व्यायामाचं सांगितलं. त्यांनी वही केली, त्यात रोज कोन लिहिताहेत. काल ७० अंश. पेटी माळ्यावर गेली.

पेट्रीडिश ताई, अजून एक विचारते. शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या हाडाचा रिपोर्ट आला होता, त्यात 'गाठीतल्या ९४ टक्के पेशी मृत' असं होतं. डॉक्टर खूश होते. म्हणजे त्या डॉक्सोरुबिसिनने 'मला खा' खूण उठवली आणि प्रतिकारशक्तीने काम केलं, असं समजू का? आणि त्याच्या अंगात ही ताणप्रथिनं किती आहेत ते तपासून मिळतं का?

---

पेट्रीडिश

डॉक्टर खूश होते ते बरोबर, ९० च्या वर आकडा गेला की चांगला प्रतिसाद धरतात. पण तो आकडा मेलेल्या पेशी मोजतो, मारेकरी कोण ते नाही सांगत. औषधाने थेट किती मेल्या आणि प्रतिकारशक्तीने किती उचलल्या, हे त्या काचपट्टीवरून वेगळं काढता येत नाही. मला स्वतःला वाटतं दोघांचा हात असावा. ते माझं वाटणं आहे, रिपोर्टमधलं नाही.

तपासणीचं: नेहमीच्या उपचारात ताणप्रथिनं मोजत नाहीत, आणि कुणी मोजून दिली तरी त्या आकड्यावरून त्याच्या उपचारात काहीच बदलणार नाही. कुणी 'एचएसपी पॅकेज' विकत असेल तर पैसे देऊ नका. त्याच्यासाठी खरी तपासणी छातीच्या स्कॅनची. हा आजार उलटला तर बहुतेकदा फुप्फुसात उलटतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं ते दर काही महिन्यांनी बोलावतील. ती तारीख चुकवू नका.

एक सांगू का, मागितलं नाहीत तरी. आम्ही ज्या पेशी वाढवायचो त्यांची नावं रुक्ष असतात: यू-टू-ओएस, साओस-२, एमजी-६३. पहिली १९६४ साली १५ वर्षांच्या मुलीच्या नडगीतल्या गाठीतून घेतलेली. दुसरी ११ वर्षांच्या मुलीची. तिसरी १४ वर्षांच्या मुलाची. त्या पेशी आजही जगभर उबवणपेट्यांमध्ये वाढताहेत आणि वर मी जे काही लिहिलं त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे. मी ही वयं नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी वाचली. त्या दिवसानंतर बाटलीवर नाव लिहिताना हात थोडा थांबायचा.

कोन ९० झाला की इथे लिहा.